चौकटीबाहेरचे बेट

बेट या शब्दाचे मराठी मनाला जुने आकर्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर उभा असलेला सिंधुदुर्ग, मुरूडपुढचा जंजिरा, मुंबईच्या बंदरातील घारापुरी ही नावे आपण शाळेच्या पुस्तकांतून ऐकत आलो. पिढ्यान् पिढ्या माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींना समुद्र दूर राहिला, तरी बेट काही परके नाही. इंदूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आत, नर्मदेच्या दोन धारांनी वेढलेले मांधाता बेट आहे आणि त्यावर ओंकारेश्वर आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्या बेटाची सुमारे सात किलोमीटरची परिक्रमा पायी केलेली असते.

या बेटाची ओळख आपल्याला कशी झाली, हे आठवून पाहावे. कोणी आत्या, कोणी काका तेथे जाऊन आलेले असत. त्यांच्या बोलण्यात दर्शनाइतकेच घाटाच्या निसरड्या पायऱ्यांचे, नावाड्याशी झालेल्या घासाघिशीचे आणि वाटेत पाय सोलून निघाल्याचे वर्णन असे. म्हणजे बेटाच्या वर्णनात माणसे होती, अडचणी होत्या आणि सांगणाऱ्याचा थकवाही होता. २१ सप्टेंबर २०२३ रोजी मांधाता पर्वतावर आदि शंकराचार्यांच्या १०८ फूट उंचीच्या मूर्तीचे अनावरण झाले. तेव्हापासून ड्रोनने टिपलेली या बेटाची दृश्ये हजारो मोबाइलवर फिरत आहेत. दृश्ये सुंदर आहेत यात शंका नाही. मात्र आकाशातून पाहणाऱ्या डोळ्याला पायऱ्या निसरड्या दिसत नाहीत आणि नावाडी तर मुळीच दिसत नाही.

आज आपण बेट पायांनी गाठण्याच्या कितीतरी आधी हातातल्या पडद्यावर गाठतो. तो पडदा बेटाविषयीची आपली कल्पना घडवतो, ती कल्पना आपल्या सहलीचा मार्ग ठरवते आणि अखेरीस त्या सहली बेटाचे भवितव्य ठरवतात. ही साखळी डॉक्टरांनी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्या अनेक कड्या सार्वजनिक आरोग्याशी जोडलेल्या आहेत.

काळे पाणी ते निळे पाणी

माध्यम बदलले की बेटाचा अर्थ कसा बदलतो, याचे अंदमानइतके स्पष्ट उदाहरण मराठी माणसाला दुसरे सापडणार नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात तेथील सेल्युलर जेलमध्ये होते. ‘माझी जन्मठेप’ या त्यांच्या पुस्तकाने अंदमान म्हणजे कोलू, दंडाबेडी आणि अंधारकोठडी हे समीकरण मराठी घराघरांत रुजवले. १९७९ मध्ये हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला आणि महाराष्ट्रातून, तसेच इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यासारख्या शहरांतून, तेथे जाणारा मराठी प्रवासी बव्हंशी तीर्थयात्रेच्या भावनेने जाऊ लागला. छापील शब्दाने घडवलेले ते बेट होते.

पुढे चित्र पालटले. २००४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने हॅवलॉक बेटावरील राधानगर किनाऱ्याची आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून वाखाणणी केली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला आलेल्या त्सुनामीने या द्वीपसमूहाला भीषण तडाखा दिला. जखम भरत आली, तसतशी पर्यटनाची लाट आली. पाठोपाठ मोबाइलमधील कॅमेरा आला, स्वस्त इंटरनेट आले आणि २०२० नंतर तर तीस सेकंदांच्या चलचित्रांचा पाऊस पडू लागला. हॅवलॉकचे नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचे २०२४ मध्ये श्री विजयपुरम् असे झाले. परंतु तरुण पिढीच्या मनातील अंदमान कोणत्याही नावाशिवाय केवळ एका रंगाने ओळखले जाते. तो रंग निळा आहे. काळ्या पाण्याचे निळे पाणी झाले, ते माध्यमामुळे.

यात दोष देण्यासारखे काही नाही. शोकस्थळावर सदैव शोकच करावा असे कोणी म्हणणार नाही, आणि तेथील लोकांना रोजगार हवाच आहे. प्रश्न इतकाच, की या निळ्या चौकटीच्या बाहेर काय राहिले?

एका आठवड्यात बदललेला नकाशा

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी लक्षद्वीपला गेले. पांढऱ्या वाळूवरील आणि प्रवाळांमधील त्यांची छायाचित्रे ४ जानेवारीला प्रसिद्ध झाली. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर समाजमाध्यमांतून अनुचित शेरे मारले, त्यांना पदावरून निलंबित करण्यात आले आणि इकडे मालदीववर बहिष्काराची हाक घुमली. एका प्रवास-संकेतस्थळाने आपल्याकडील लक्षद्वीपविषयक शोध ३४०० टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर केले. दुसऱ्या एका कंपनीने मालदीवच्या विमानतिकिटांची विक्रीच थांबवली. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते आणि त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. २०२४ मध्ये ती सुमारे १ लाख ३० हजारांवर आली. पुढे दोन्ही देशांचे संबंध सुधारले आणि जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहिले. परंतु काही छायाचित्रे आणि काही शेरे एका देशाच्या मुख्य व्यवसायाला आठवडाभरात हादरवू शकतात, हे त्या काळात सर्वांनी पाहिले.

त्या गदारोळातील एक लहानशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. भारतीय बेटांना भेट द्या, असे आवाहन करताना एका प्रसिद्ध अभिनेत्याने सोबत जोडलेले छायाचित्र मालदीवचेच निघाले. लोकांनी ते दाखवून दिल्यावर ते काढून टाकण्यात आले. चूक क्षम्य आहे. ती घडली याचे कारण असे, की पडद्यावर सगळी बेटे सारखीच दिसतात. नारळाचे झाड, पांढरी वाळू, फिरोजी पाणी आणि मध्ये आपण. बेटाचे नाव, भाषा, धर्म, अन्न, इतिहास यांपैकी काहीच त्या चौकटीत मावत नाही.

चौकटीत न मावलेले तपशील

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत आणि त्यांपैकी १० वर वस्ती आहे. सर्व बेटांची मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर महापालिकेच्या क्षेत्राचा आठवा भागही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे ६४,४७३ लोक राहत होते. एका चौरस किलोमीटरमागे दोन हजार माणसे असलेला हा प्रदेश निर्जन स्वर्ग म्हणून पाहणे, हाच पहिला दृष्टिभ्रम होय.

दुसरा तपशील पाण्याचा. या बेटांवर एकही नदी नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते आणि जड खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. भिंगासारख्या आकाराचा हा थर हीच तेथील विहीर. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. २००५ मध्ये कवरत्ती बेटावर समुद्राच्या खोल थरातील थंड पाण्याचा उपयोग करून दररोज सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प सुरू झाला आणि नंतर तो इतर बेटांवरही नेण्यात आला. लेखापुरता साधा हिशेब करू. एका पाहुण्याला आंघोळ, धुणे आणि स्वच्छतागृह मिळून दिवसाला दोनशे लिटर पाणी लागते असे धरले, तर एक लाख लिटरमध्ये पाचशे पाहुणे होतात आणि बेटावरच्या बालकासाठी थेंबही उरत नाही. पाणी आटले किंवा दूषित झाले की अतिसार, कावीळ आणि विषमज्वर कोणाच्या दारी आधी येतात, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

तिसरा तपशील प्रवाळांचा. प्रवाळ हा सजीव आहे आणि त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले त्याला अन्न आणि रंग देतात. समुद्राचे पाणी दीर्घकाळ तापले की प्रवाळ ही शैवले बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर हा पांडुरोगच. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असे संकट आले होते. ज्या २०२४ सालाच्या प्रारंभी लक्षद्वीपच्या निळाईची छायाचित्रे देशभर फिरली, त्याच वर्षी काही महिन्यांत तेथे पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जाहीर केले. पहिली बातमी घरोघरी पोहोचली. दुसरी किती जणांनी वाचली? आणि हे प्रवाळ म्हणजे त्या बेटांची तटबंदी आहे. लाटांचा मारा तेच झेलतात.

चौथा तपशील आपल्या व्यवसायातला. कोचीपासून ही बेटे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर आहेत. तेथे रुग्णालये आहेत, डॉक्टर निष्ठेने काम करतात; परंतु गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते आणि हवामान बिघडले तर थांबावे लागते. दम्याच्या मुलाला घेऊन अशा ठिकाणी निघालेले पालक मला औषधांपेक्षा कॅमेऱ्याच्या जलरोधक पिशवीविषयी अधिक जागरूक दिसतात.

आपल्या अंगणातील बेट

दूरच्या समुद्राविषयी बोलताना जवळच्या पाण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर जलाशयाच्या काठी हनुवंतिया आहे. २०१६ पासून तेथे जल महोत्सव भरतो, तंबूंची नगरी उभी राहते, नौका आणि पाण्यावरचे खेळ असतात. इंदूरची कुटुंबे हौसेने जातात आणि जलाशयात विखुरलेल्या हिरव्या बेटांची छायाचित्रे घेऊन येतात. मध्य प्रदेशाला समुद्र नाही, ही उणीव या जलाशयाने काही अंशी भरून काढली असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही बेटे जन्मतः बेटे नव्हती. त्या टेकड्या होत्या. त्यांच्या पायथ्याशी शेते होती, गावे होती. इंदिरा सागर धरणामुळे सुमारे अडीचशे गावे बाधित झाली आणि २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर हरसूद हे जुने बाजारपेठेचे गाव रिकामे करण्यात आले. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडून दारे-खिडक्या, विटा बैलगाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या. त्यापूर्वी पंधरा वर्षे, सप्टेंबर १९८९ मध्ये, याच हरसूदला देशभरातून हजारो लोक मोठ्या धरणांविरुद्ध जमले होते आणि आपले बाबा आमटे त्यांत होते.

धरणाने वीज दिली, सिंचन दिले. त्याचा लाभ आपणही घेतो. म्हणून धरणाच्या बाजूने वा विरुद्ध निवाडा देण्याचे हे स्थान नव्हे. मात्र हनुवंतियाच्या एखाद्या चलचित्राखाली हरसूदचे नाव मला कधी आढळले नाही. विस्थापित कुटुंबातील मूल आज कदाचित त्याच जलाशयावर पर्यटकांची नाव चालवीत असेल. त्याला ‘तुझे गाव कोठे?’ असे विचारले, तर तो पाण्याकडे बोट दाखवील. छायाचित्र खोटे बोलत नाही हे खरे. पण ते पाण्याखालचे सांगत नाही, हेही तितकेच खरे.

गोवर आणि कॅमेरा

आता बालरोगतज्ज्ञ म्हणून ज्या विषयाची मला सर्वाधिक चिंता वाटते, त्याकडे वळतो.

अंदमानात जारवा नावाची आदिवासी जमात आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही माणसे बाहेरच्यांपासून अलिप्त होती. १९९७-९८ च्या सुमारास ती जंगलाबाहेर येऊ लागली आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. अनेकांना रुग्णालयात दाखल करून उपचार करावे लागले. २००६ मध्ये पुन्हा गोवर आला. त्यांच्या शेजारी एकेकाळी मोठ्या संख्येने राहणाऱ्या ग्रेट अंदमानी जमातींमध्ये १८७७ मध्ये गोवर शिरला होता. त्या साथीने आणि वसाहतीबरोबर आलेल्या इतर रोगांनी त्यांचा जवळजवळ निर्वंश केला. २०११ मध्ये त्यांची संख्या ४४ उरली होती.

गोवर किती सांसर्गिक आहे, हे डॉक्टर वाचकांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. आणि अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना रोग देत असते. म्हणजे आईवडिलांना ज्या दिवशी ‘जरा सर्दी आहे, विमानात बरी होईल’ असे वाटते, तोच दिवस सर्वांत धोक्याचा.

जारवांच्या राखीव जंगलातून अंदमान ट्रंक रोड जातो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहण्यासाठी पर्यटकांची वाहने तेथून ताफ्याने जात आणि अनेकांची खरी उत्सुकता गुहांपेक्षा रस्त्याकडेच्या माणसांविषयी असे. जानेवारी २०१२ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने एक चलचित्र प्रसिद्ध केले. अन्नाच्या मोबदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचावयास लावले जात असल्याचे त्यात दिसत होते. देशभर संताप उसळला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, नियम कडक झाले. तरीही मोह संपला नाही. मार्च २०२५ च्या अखेरीस एक अमेरिकन नागरिक चलचित्र काढण्याची साधने घेऊन, प्रवेशास पूर्ण मनाई असलेल्या नॉर्थ सेंटिनल बेटावर उतरला, नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून परतला आणि पकडला गेला. त्या डब्याबरोबर किनाऱ्यावर आणखी काय उतरले असते, याचा विचार कोणत्याही डॉक्टराच्या अंगावर काटा आणील. ज्यांनी गोवर, गालगुंड, इन्फ्लुएंझा कधी पाहिले नाहीत आणि ज्यांना लस देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी अंतर हीच एकमेव लस आहे.

येथे माध्यमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जारवांचा अपमान ज्या यंत्राने झाला, त्याच यंत्राने तो जगापुढे आणला. २०१२ चे ते चलचित्र नसते तर कदाचित आजही ताफे तसेच थांबत राहिले असते. शस्त्रक्रियेची सुरी आणि खिशातली सुरी एकाच पोलादाची असते. ती कोण व कशासाठी धरतो, यावर सारे अवलंबून आहे.

बेटांना विश्रांती

इतर देशांनी यातून काही वाटा काढल्या आहेत. थायलंडमधील माया बे हा लहानसा किनारा २००० साली आलेल्या ‘द बीच’ या चित्रपटामुळे प्रसिद्ध झाला आणि पुढे छायाचित्रांमुळे इतका गजबजला, की तेथील प्रवाळ नष्ट होऊ लागले. जून २०१८ मध्ये तो बंद करण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये उघडला तेव्हा पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली आणि नौकांना आत येण्यास बंदी झाली. फिलिपीन्सने बोराकाय हे बेट एप्रिल २०१८ पासून सहा महिने बंद ठेवून सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. रुग्णाला सक्तीची विश्रांती देण्यासारखेच हे. औषध कडू होते, पण लागू पडले.

मला अधिक भावले ते पलाऊ या प्रशांत महासागरातील चिमुकल्या देशाचे पाऊल. डिसेंबर २०१७ पासून तेथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवली जाते आणि त्याखाली त्याला सही करावी लागते. ही प्रतिज्ञा सरकारला उद्देशून नाही. ती पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे आणि ती तयार करण्यात तेथील मुलांचाही हात आहे. बेटाचे खरे मालक कोण, याचे याहून नेमके उत्तर मी तरी पाहिलेले नाही.

आपण काय करावे?

लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश-परवाना लागतो. तो अडथळा न मानता बेटाची प्रकृती सांभाळणारे पथ्य मानावे. डॉक्टरांनी प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला उलटीच्या गोळ्यांबरोबर आणखी चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात. मुलाच्या गोवर-रुबेलाच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत ना, हे कार्ड उघडून पाहावे. ताप किंवा पुरळ असलेले मूल घेऊन निघू नये, तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. दमा, अपस्मार, मधुमेह असलेल्या मुलाची औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची न्यावीत. आणि नौकेत चढण्यापूर्वी मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मागावे, नसेल तर उतरावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघे बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जण दगावले आणि मृतांत लहान मुलेही होती. जाकीट घालून छायाचित्र चांगले येत नाही, ही तक्रार मी पालकांच्या तोंडून ऐकली आहे. तिला उत्तर देण्याची गरज नाही.

पालकांसाठी एक विनंती. बेटावर पोहोचल्यावर मुलाच्या हातात मोबाइल देण्याआधी त्याला तीन प्रश्न द्यावेत. येथे राहणाऱ्यांना प्यायचे पाणी कोठून मिळते? आपण केलेला कचरा कोठे जातो? आणि आपल्या वयाची मुले येथे कोणत्या शाळेत जातात? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पडद्यावर मिळत नाहीत. त्यासाठी नावाड्याशी, खानावळीतल्या बाईंशी, किनाऱ्यावर जाळे विणणाऱ्या आजोबांशी बोलावे लागते. घरी परतल्यावर आपल्या मुलाने शेजाऱ्यांना त्या आजोबांची गोष्ट सांगितली, तर सहल सार्थकी लागली असे खुशाल समजावे.